एके-४७ जुनीच, मग तिच्यावर तो काळा डबा कशासाठी? दरेकसाच्या जंगलातून समजून घेऊ

गोंदियाहून डोंगरगडकडे जाणारी ट्रेन पकडली की सालेकसानंतर दरेकसा लागतं. आजूबाजूला डोंगर आणि दाट जंगल. हाजरा फॉल जवळच. कचारगडची गुहाही इथलीच, माघ पौर्णिमेला गोंड समाजाची मोठी यात्रा भरते ती. पुढचं स्टेशन बोरतलाव, ते थेट छत्तीसगडमध्ये. मध्य प्रदेशचा बालाघाट जिल्हाही लांब नाही.

तीन राज्यांच्या या बेचक्यात माओवाद्यांनी आपला ‘एमएमसी झोन’ उभा केला. महाराष्ट्र, मध्य प्रदेश आणि छत्तीसगड मिळून एक झोन. त्यातल्या एका दलमला नाव होतं दरेकसाचंच.

१९ नोव्हेंबर २०२५ ला बोरतलावच्या जंगलात चकमक झाली. मध्य प्रदेशच्या हॉक फोर्सचे इन्स्पेक्टर आशिष शर्मा त्यात शहीद झाले. त्यानंतर नवव्या दिवशी, २८ नोव्हेंबरला, झोनचा प्रवक्ता अनंत साथीदारांसह गोंदिया पोलिसांपुढे शरण आला. एकूण ११ जण होते.

अशा बातम्यांसोबत दोन प्रकारचे फोटो आपल्या फीडवर येतात. एकात जमा झालेली हत्यारं मांडून ठेवलेली असतात, दुसऱ्यात जंगलात गस्त घालणारे जवान असतात. दुसरा फोटो नीट बघा. काही जवानांकडे लाकडी बटची साधी एके-४७ दिसते. काहींच्या एकेवर वर काळा डबा, पुढे खाचा असलेली पट्टी, मागे सरकणारा बट. मग कमेंटमध्ये प्रश्न येतोच, ‘ही कोणती नवीन गन?’

उत्तर असं की बऱ्याचदा गन तीच असते. नवीन असतात ते तिला बाहेरून लावलेले पार्ट. ते का लावतात, त्याने काय बदलतं आणि काय बदलत नाही, तेच आज बघू.

आधी मूळ बंदूक समजून घ्या

मिखाईल कलाश्निकोव्ह यांची एके-४७ सोव्हिएत लष्कराने १९४९ मध्ये स्वीकारली. चिखल, पाऊस, धूळ काहीही असो, ती चालते, ही तिची ख्याती. भारतात लष्करापासून केंद्रीय दलं आणि राज्यांच्या पोलिसांपर्यंत तिचे वेगवेगळे अवतार वापरले जातात. तिरुचिरापल्लीच्या सरकारी कारखान्यात याच जातकुळीची रायफल तयार होते.

पण तिच्या डिझाइनवेळी दोन गोष्टी कुणाच्या डोक्यात नव्हत्या. एक, जवान छातीवर जाड बुलेटप्रूफ जॅकेट घालेल. दोन, बंदुकीवर बॅटरीवर चालणारी दुर्बीण बसवावी लागेल. आजचे सगळे जोड-पार्ट या दोन गोष्टींभोवतीच फिरतात.

तो काळा डबा म्हणजे साइट

साध्या एकेवर नेम धरायचा तर मागची बॅकसाइट, नळीच्या टोकाची फोरसाइट आणि समोरचं टार्गेट एका रेषेत आणावं लागतं. डोळा एका वेळी एकाच अंतरावर फोकस करतो, आणि इथे वस्तू आहेत तीन. संध्याकाळच्या अंधारात, धावून दम लागलेला असताना हे अवघड जातं.

रेड डॉट साइटमध्ये काचेवर एक लाल ठिपका दिसतो. तो ठिपका टार्गेटवर ठेवायचा, एवढंच. दोन्ही डोळे उघडे राहतात, त्यामुळे आजूबाजूची हालचालही दिसते. साग-बांबूच्या जंगलात समोरचा माणूस क्षणभरच दिसतो. तिथे वाचलेला अर्धा सेकंद जवानाचा जीव वाचवू शकतो.

अनेकांची एक गल्लत होते. रेड डॉट म्हणजे लेझर नाही. तो ठिपका फक्त बंदूक धरणाऱ्याला दिसतो, समोरच्याच्या अंगावर पडत नाही.

बट बदलून काय होतं?

लाकडी बटची लांबी ठरलेली असते. जाड जॅकेट घातलं की बंदूक आपोआप पुढे सरकते आणि हात अवघडतात. बुटका जवान आणि सहा फुटी जवान, दोघांना तोच बट. सरकणारा बट प्रत्येकाला आपल्या मापाने लावता येतो. दुमडणारा असेल तर गाडीत बसताना-उतरताना अडचण होत नाही.

शिवाय साइट वर बसवली की डोळा उंच न्यावा लागतो. मग गाल टेकवायची जागाही उंच लागते. म्हणून साइट आणि बट यांचा विचार एकत्र करावा लागतो. एकच बदलून दुसरं तसंच ठेवलं तर जवानाची मान अधांतरी राहते आणि नेम हलतो.

खरी गोची वरच्या झाकणात

बीजीएमआय खेळणाऱ्यांना वाटेल यात काय एवढं, स्कोप उचलला आणि लावला. खऱ्या एकेत तसं होत नाही. तिचं वरचं झाकण पातळ पत्र्याचं असतं आणि साफसफाईसाठी ते काढावं लागतं. त्यावर थेट साइट बसवली तर दर वेळी झाकण काढून लावलं की साइट किंचित हलणार. साइट केसभर हलली तरी शंभर मीटरवर गोळी भलतीकडेच.

म्हणून साइट एक तर बाजूच्या पट्टीवर बसवतात किंवा घट्ट बसणारं खास झाकण घेतात. फॅब डिफेन्स या इस्रायली कंपनीचे एकेसाठीचे पार्ट प्रसिद्ध आहेत. भारतात बंगळुरूची एसएसएस डिफेन्स ही कंपनी एके अपग्रेडचे किट बनवते.

मग नवीनच बंदूक का घेत नाहीत?

घेतातही. अमेठीजवळच्या कोरवा इथे भारत-रशिया भागीदारीत एके-२०३ बनते. डिसेंबर २०२१ मध्ये ६ लाख १ हजार ४२७ रायफलींचा करार झाला. खर्च सुमारे ५ हजार कोटी, म्हणजे एका रायफलीमागे ८०-८५ हजार रुपये. साइट बसवायची पट्टी आणि लांबी बदलणारा बट तिच्यात फॅक्टरीतूनच येतो.

पण एवढी मोठी ऑर्डर पूर्ण व्हायला वर्षं लागतात आणि प्राधान्य सैन्याला असतं. राज्य पोलिसांच्या शस्त्रागारात हजारो एके चालू स्थितीत आहेत. नळी चांगली असेल तर बंदूक भंगारात काढण्यापेक्षा चार पार्ट लावणं परवडतं.

अर्थात पार्टही स्वस्तच असतात असं नाही. ऑक्टोबर २०२५ मध्ये संरक्षण मंत्रालयाने लष्कराच्या सिग ७१६ रायफलींसाठी रात्री दिसणाऱ्या साइट घ्यायचा करार केला. रक्कम होती ६५९ कोटी ४७ लाख रुपये, आणि ती फक्त साइटसाठी.

आणि काय बदलत नाही?

फोटो बघून जे लक्षात येत नाही, ते हे. साइट बदलली तरी नळी तीच आणि गोळी तीच. एकेची गोळी ३०० मीटरनंतर झपाट्याने खाली यायला लागते. वर कितीही महागडी दुर्बीण लावा, त्या गोळीची धाव वाढत नाही.

दुसरं, झिरोइंग. साइट लावल्यावर चांदमारीच्या मैदानावर राउंड फायर करून ती जुळवावी लागते. प्रत्येकाची पकड आणि डोळा वेगळा, म्हणून आपली बंदूक प्रत्येकाने स्वतः जुळवायची. त्याला राउंड लागतात, वेळ लागतो. पावसाळ्यात काचेवर बाष्प धरतं. ऐन वेळी बॅटरी संपू शकते, म्हणून जुन्या लोखंडी साइटचा सराव सोडून चालत नाही.

तिसरं वजन. भरलेल्या मॅगझिनसह लाकडी बटची एके चार-साडेचार किलोची असते. त्यात साइट, टॉर्च, ग्रिप वाढवत गेलात तर दोन-तीन दिवसांच्या गस्तीत तो भार जवानाच्याच खांद्यावर येतो.

म्हणजे किटच्या खरेदीसोबत सरावाच्या गोळ्या, बॅटऱ्या आणि दुरुस्ती करणारा आर्मरर यांचाही खर्च धरावा लागतो. तो धरला नाही, तर ते किट फोटोपुरतं उरतं.

हे पार्ट आपण घेऊ शकतो का?

अमेरिकन रील्समध्ये लोक घरी बसून रायफलीचे पार्ट बदलताना दिसतात. भारतात तो विचारही करू नका. शस्त्र कायदा, १९५९ नुसार ‘शस्त्र’ या व्याख्येत शस्त्राचे भागही येतात. एकेसारखी ऑटोमॅटिक बंदूक प्रतिबंधित शस्त्र आहे. २०१९ च्या दुरुस्तीनंतर ती जवळ बाळगली तर किमान ७ आणि कमाल १४ वर्षं शिक्षा आहे. पोलिसांकडून किंवा सैन्याकडून बंदूक हिसकावली तर किमान १० वर्षं ते जन्मठेप.

ही शेवटची तरतूद दरेकसा भागात लगेच कळते. कारण इन्सास, एसएलआर, थ्री-नॉट-थ्री या माओवाद्यांकडच्या बऱ्याच बंदुका मुळात पोलिसांकडूनच लुटलेल्या होत्या. १५ ऑक्टोबर २०२५ ला गडचिरोलीत भूपती ६० साथीदारांसह शरण आला, तेव्हा ५४ हत्यारं जमा झाली. त्यात ७ एके-४७ आणि ९ इन्सास होत्या.

केंद्राने नक्षलवाद संपवायला ३१ मार्च २०२६ ही मुदत जाहीर केली होती. हत्यारं खाली ठेवली जात असताना पोलिसांच्या बंदुकीवर खर्च कशाला, असं कुणी विचारेल. पण चकमकी कमी झाल्या म्हणून दरेकसाचं सशस्त्र दूरक्षेत्र लगेच उठत नाही. तिथला जवान उद्याही त्याच जंगलात गस्तीला जाणार, आणि हातात बहुतेक तीच जुनी एके असणार.

म्हणून पुढच्या वेळी काळे पार्ट लावलेल्या एकेचा फोटो दिसला की ‘गन कोणती’ याच्यासोबत आणखी एक प्रश्न विचारा. ती जुळवायला त्या जवानाला वर्षातून किती राउंड मिळतात?