काहून बे?

परवा ऑफिसात बाबांचा फोन आला. बाजूला टीम लीड उभा. मी एकदम शुद्ध पुणेरी सुरात, "हो बाबा, मीटिंगमध्ये आहे, नंतर करतो." पलीकडे दोन सेकंद शांतता. मग बाबा म्हणाले, "काहून रे, साहेब बाजूले बसून हाय का?"

तेव्हा हसू आलं, पण दिवसभर ते डोक्यातून जाईना.

मी बार्शीटाकळीचा. जिल्हा अकोला. (पुण्यात नुसतं 'बार्शी' ऐकून लोक थेट सोलापूर जिल्ह्यात पोचतात :) ) नोकरीच्या पहिल्या महिन्यात स्टँडअपमध्ये मी बोलून गेलो, "टेस्टिंग करून राहिलो." आमच्याकडे याचा अर्थ 'करतो आहे'. लीडने ऐकलं 'करून', म्हणजे झालं! त्याने क्लायंटला तसं कळवलंही. संध्याकाळी व्हायचा तो तमाशा झाला, चार लोक हसले, आणि मी भाषाच बदलली. मले-तुले गेलं, 'बाप्पा' गेलं, 'बे' तर सगळ्यात आधी.

आता वाटतं, मी दोन गोष्टींची गल्लत केली. समोरच्याला चुकीचा अर्थ कळला, ही माझी जबाबदारी. "निम्म्या केसेस झाल्या, उरलेल्या उद्या दुपारपर्यंत" असं सांगितलं असतं तर कुठल्याही हेलात चाललं असतं. पण हेल ऐकून कोणी हसलं, तर तो त्याचा प्रश्न.

आपलं इम्प्रेशन बनतं ते सवयींवरून. मेलला वेळेवर उत्तर देतो का, 'बघतो' म्हणून गायब होतो का, दुसऱ्याचं वाक्य पूर्ण होऊ देतो का. आपण मात्र सगळा जोर उच्चारांवर लावतो.

गाडगेबाबांचं बघा. १८७६ साली अमरावती जिल्ह्यात जन्म. शाळा नाही, अंगावर चिंध्या, हातात खराटा. दिवसा गाव झाडायचं आणि रात्री कीर्तन, तेही वऱ्हाडीत. लोकांना प्रश्न विचारायचे आणि उत्तर त्यांच्याच तोंडून काढून घ्यायचे. प्रबोधनकार ठाकऱ्यांसारख्या लेखणीबहाद्दराने त्यांचं चरित्र लिहिलं. १९५६ साली बाबा गेले. आज अमरावतीच्या विद्यापीठाला त्यांचं नाव आहे.

तुम्ही म्हणाल, त्यांना अप्रेझल नव्हतं! मान्य. क्लायंट कॉलवर मी मले-तुले करणार नाहीच. ऐकणाऱ्याला कळणं पहिलं. पण मग हाच नियम बाबांनाही लागू नको का? ऑफिसातले चार लोक ते 'करून राहिलो' केव्हाच विसरले. इम्प्रेशन बिघडलं ते घरी. पोरगा आता आपल्याशीही साहेबासारखा बोलतो, असं.

असो. काल शनिवार होता. रूममेट समोर बसलेला असताना, आवाज खाली न घेता फोन लावला.

"काय करून राहिले बाबा?"

"तुरीवर फवारून राहिलो ना बाप्पा!"

फोन ठेवल्यावर रूममेट म्हणाला, "झालं का फवारून?"

"नाही बे," मी म्हटलं, "चालू आहे."