सेकंड हँड गाडी घेताय? आधी तिची कुंडली बघा

पुणे, कोल्हापूर, नागपूरहून नोकरीसाठी बेंगळुरूला आलेलं कुटुंब सर्जापूर रोडवर जरा स्थिरावलं की वर्ष-दोन वर्षांत गाडीचा विषय निघतोच. मुलांची शाळा कसवनहळ्ळीला, एकाचं ऑफिस बेळ्ळंदूरला, दुसऱ्याचं इलेक्ट्रॉनिक सिटीला. आई-बाबा राहायला आले की दवाखान्याच्या फेऱ्या असतात. गणपती-दिवाळीला गावी जायचं तर बसची तिकिटं आधीच संपलेली असतात. नवी गाडी घ्यावी, तर घराचा हप्ता मानगुटीवर बसलेला. मग चार-पाच वर्षं वापरलेली गाडी घ्यायचा विचार पुढे येतो.

हा विचार चांगला आहे. नव्या गाडीची किंमत पहिल्या काही वर्षांत सगळ्यात वेगाने उतरते आणि तो तोटा पहिल्या मालकाने सोसलेला असतो. पण एक फरक लक्षात ठेवा. नवी गाडी घेताना आपण मॉडेल निवडतो. जुनी घेताना समोर उभी असलेली ती एकच गाडी निवडायची असते. एकाच दिवशी कारखान्यातून निघालेल्या दोन गाड्यांपैकी एक घरच्या मुलीसारखी जपलेली असते आणि दुसरी पुराच्या पाण्यात रात्रभर उभी राहिलेली असते. बाहेरून पॉलिश केल्यावर दोघी सारख्याच दिसतात. म्हणून रंग आणि सनरूफच्या आधी गाडीची कुंडली बघायची.

आधी घरची गरज लिहून काढा

एका कागदावर लिहा: रोज किती किलोमीटर, कोण कोण बसणार, वर्षातून किती वेळा गावी जाणार. पुण्याचा प्रवास एका बाजूने साधारण ८४० किलोमीटर. वर्षातून तीन वेळा गेलात तरी पाच हजार किलोमीटर होतात. रोजची शाळा-ऑफिसची ये-जा मात्र रांगत रांगत.

या रांगण्यावरून इंधन ठरवा. १ एप्रिल २०२० पासून आलेल्या बीएस-६ डिझेल गाड्यांमध्ये डीपीएफ नावाची, धुरातली काजळी अडकवणारी जाळी असते. ती साफ व्हायला गाडी अधूनमधून मोकळ्या रस्त्यावर सलग पळावी लागते. रोज फक्त शाळेपर्यंत जाणाऱ्या गाडीत ती तुंबते आणि दुरुस्ती महाग पडते. तुमचं चालवणं मुख्यतः शहरातलं असेल, तर पेट्रोल बरं. सीएनजी रोजच्याला स्वस्त, पण बऱ्याच गाड्यांत टाकी डिकीतली जागा खाते. गावाहून येताना तांदळाचं पोतं आणि लोणच्याच्या बरण्या कुठे ठेवणार, हा प्रश्न आधीच सोडवा.

ऑटोमॅटिक हवी असेल, तर कुठल्या प्रकारची आहे हे विचारा. एएमटी गाडीत आत साधा क्लचच असतो आणि रांगत्या रहदारीत तो झिजतो. काही ड्युअल क्लच गिअरबॉक्स अशा रहदारीत तापतात. म्हणून ऑटोमॅटिक गाडी घेण्याआधी तिचा क्लच-गिअरबॉक्स जाणकाराकडून तपासून घ्याच.

आणि आजी-आजोबांना एकदा गाडीत बसवून बघा. सीट फार खाली असेल तर दुखऱ्या गुडघ्यांना उठणं जड जातं. लहान मूल असेल, तर बाळाची खुर्ची अडकवायचे आयसोफिक्स हुक आहेत का ते पाहा.

सुरक्षिततेला वर्ष असतं

चालकाची एअरबॅग १ जुलै २०१९ पासून सक्तीची झाली. शेजारच्या सीटची एअरबॅग बाजारात आधीपासून असलेल्या मॉडेलना ३१ डिसेंबर २०२१ पासून सक्तीची झाली. म्हणजे २०२० सालच्या स्वस्त व्हेरिएंटमध्ये एकच एअरबॅग असू शकते. विचारल्याशिवाय धरून चालू नका.

क्रॅश टेस्टचे तारेही वर्षासकट वाचा. टाटा नेक्सॉनला २०१८ मध्ये ग्लोबल एनकॅपने आधी ४ तारे दिले आणि सुधारणा केल्यावर त्याच वर्षी डिसेंबरमध्ये ५. नाव तेच, गाडी थोडी वेगळी. तेव्हा "या मॉडेलला पाच तारे आहेत" एवढ्यावर थांबू नका, समोरची गाडी कुठल्या महिन्यात बनली आहे तेही बघा.

कंपनी अजून भारतात गाड्या विकते का, हेही महत्त्वाचं. शेवरलेची विक्री २०१७ अखेर थांबली. फोर्डने इथलं उत्पादन बंद करण्याची घोषणा सप्टेंबर २०२१ मध्ये केली. अशा गाड्या स्वस्त मिळतात आणि काही खरंच दणकट आहेत. पण घरात एकच गाडी असणार असेल, तर पार्टसाठी आठवडाभर थांबणं परवडेल का, याचा विचार करा.

पाण्यात बुडालेली गाडी ओळखा

सर्जापूर रोडच्या लोकांना हे वेगळं सांगायला नको. सप्टेंबर २०२२ च्या पहिल्या आठवड्यातल्या पावसात रेनबो ड्राइव्ह वसाहतीतून लोकांना ट्रॅक्टर आणि बोटींमधून बाहेर काढावं लागलं होतं. कोल्हापूर-सांगलीत २०१९ आणि २०२१ ला, चिपळूणला जुलै २०२१ मध्ये, चेन्नईला डिसेंबर २०२३ मध्ये असाच पूर आला. पुरात सापडलेल्या गाड्या सगळ्याच भंगारात जात नाहीत. धुऊन-पुसून काही पुन्हा बाजारात येतात, कधी दुसऱ्याच शहरात.

धोका असा, की पाण्याचा परिणाम लगेच दिसत नाही. वायरिंगच्या जोडांत गंज हळूहळू चढतो. सहा महिन्यांनी काचा अडकतात, डॅशबोर्डवर दिवे लागतात आणि ऐन वेळी एअरबॅग उघडेल याची खात्री उरत नाही. त्यामुळे हे तपासा:

- सीट बेल्ट अगदी शेवटपर्यंत ओढा. आतल्या भागावर मातकट रेघ दिसली तर पाणी तिथवर चढलं होतं.
- डिकीतला गालिचा उचला. स्टेपनीच्या खड्ड्यात बारीक गाळ किंवा गंज आहे का?
- सीटखालच्या पट्ट्या आणि बोल्ट मोबाईलच्या टॉर्चने बघा.
- हेडलाइटच्या आत वाफ किंवा पाण्याचे डाग आहेत का?
- काचा बंद करून पाच मिनिटं आत बसा. ओलसर कुबट वास येतो का? उग्र अत्तराचा वास येत असेल तर तो कशासाठी मारला, असं विचारा.

यातली एक खूण दिसली तर जास्त खोलात तपासणी करा. दोन-तीन दिसल्या, तर नमस्कार करून घरी या.

मीटरवर नको, कागदावर विश्वास

डिजिटल मीटरचे आकडे मागे फिरवता येतात. मात्र कंपनीच्या सर्व्हिस सेंटरमध्ये प्रत्येक सर्व्हिसच्या वेळी किलोमीटर नोंदवलेले असतात. मालकाला सोबत घेऊन ती यादी मागा. २०२२ मध्ये ४१ हजार आणि आज मीटरवर ३८ हजार असेल, तर पुढे बोलायची गरजच नाही.

टायरवर चार आकडे कोरलेले असतात. पहिले दोन आठवडा सांगतात, पुढचे दोन वर्ष. ३२२१ म्हणजे २०२१ चा ३२ वा आठवडा. मीटर २० हजार दाखवतोय आणि चारही टायर गाडीपेक्षा तीन वर्षांनी नवे आहेत, तर मूळ टायर इतक्या लवकर का बदलले? स्टिअरिंगचं गुळगुळीत झालेलं कातडं आणि झिजलेलं ब्रेकचं पायडलही बरंच सांगतात.

विम्याची पॉलिसी बघताना नो क्लेम बोनसचा आकडा शोधा. एक वर्ष क्लेम न घेतल्यास २० टक्के, मग २५, ३५, ४५ आणि पाच वर्षांनंतर ५० टक्के, असा तो चढतो. पाच वर्षांच्या गाडीवर तो शून्य असेल, तर एकतर क्लेम झालाय किंवा पॉलिसी मध्ये तुटली होती. क्लेम म्हणजे गाडी वाईट असं नाही. आपल्याकडच्या रहदारीत बंपर कुणाचा घासत नाही? पण कशाचा क्लेम होता, त्याचं बिल बघायला मागा. आणि एक खुबी: हा बोनस मालकाचा असतो, गाडीचा नाही. जुन्या गाडीवरचा बोनस मालक या गाडीवर आणू शकतो. म्हणून ५० टक्के हा पुरावा नाही, शून्य हा मात्र प्रश्न आहे. हाच बोनस तुमच्याकडे येणारही नाही, हे विम्याचा खर्च धरताना लक्षात ठेवा.

एमपरिवहन ॲपवर गाडीचा नंबर टाकून नोंदणीची तारीख, विमा आणि गाडीवर कर्ज आहे का हे बघा. कर्ज फिटलं असेल तर बँकेचं पत्र आणि फॉर्म ३५ हातात हवा. ट्रॅफिकचे थकलेले दंडही त्याच नंबरवर निघतात, ते मालकाकडून आधी भरून घ्या.

एमएच की केए?

हा आपल्या मराठी घरांचा खास प्रश्न. पुण्यात तीच गाडी चाळीस हजारांनी स्वस्त दिसते आणि मोह होतो. पण मोटार वाहन कायद्याच्या कलम ४७ प्रमाणे, दुसऱ्या राज्यात १२ महिन्यांहून जास्त ठेवलेल्या गाडीला तिथला नवा नंबर घ्यावा लागतो. त्यासाठी मूळ आरटीओचं ना हरकत प्रमाणपत्र, म्हणजे फॉर्म २८, लागतो आणि कर्नाटकचा आजीवन कर भरावा लागतो. नव्या गाडीला हा कर किमतीच्या टप्प्यांप्रमाणे १३ ते १८ टक्के आहे. जुन्या गाडीला वयाप्रमाणे कमी होतो, पण रक्कम किरकोळ नसते. महाराष्ट्रात भरलेल्या कराचा उरलेला भाग परत मागता येतो. तो अर्ज कोण करणार आणि पैसे कोणाकडे जाणार, हे व्यवहाराच्या वेळीच लिहून ठेवा.

म्हणजे अनोळखी माणसाची पुण्यातली गाडी फक्त स्वस्त आहे म्हणून घेण्यात फारसा अर्थ नाही. पण मामांनी स्वतः वापरलेली, प्रत्येक सर्व्हिस वेळेवर झालेली गाडी ते तुम्हाला देत असतील, तर गोष्ट वेगळी. तिची कुंडली घरातल्यांनाच पाठ आहे. कर भरूनही ती इथल्या अनोळखी गाडीपेक्षा बरी ठरू शकते. फक्त नात्यातला व्यवहार म्हणून कागद मागे ठेवू नका.

चालवून बघताना

मालकाला आधीच सांगा, "इंजिन थंड ठेवा, मी आल्यावरच सुरू करू." गेल्यावर बॉनेटला हात लावून बघा. आधीच तापवलेली गाडी सकाळचा खडखडाट लपवते.

मग सकाळी नऊला, एसी लावून, इब्लूरच्या बाजूला अर्धा तास रांगत चालवा. तापमानाचा काटा वर चढतो का? पहिल्या गिअरला धक्का बसतो का? त्यानंतर मोकळ्या रस्त्यावर स्टिअरिंग हलकेच सोडून बघा, गाडी एका बाजूला ओढते का. शेवटी ती तुमच्या ओळखीच्या मेकॅनिककडे न्या. लिफ्टवर चढवून खालून बघणं आणि स्कॅनर लावणं यासाठी जे पैसे लागतील ते द्या. विकणारा तपासणीला तयार नसेल, तर तेच उत्तर समजा.

भाव ठरवताना नव्या गाडीची आजची किंमत समोर ठेवा. २२ सप्टेंबर २०२५ पासून लहान गाड्यांवरचा जीएसटी १८ टक्के झाला. त्याआधी सेस धरून तो २९ ते ३१ टक्के होता. "मी नवी घेतली तेव्हा आठ लाख मोजले होते" हा हिशोब आता चालत नाही. ठरवलेल्या बजेटमधला दहावा हिस्साही बाजूला ठेवा. पाच लाख असतील, तर गाडी साडेचारची बघा. टायर, बॅटरी, पहिली सर्व्हिस आणि विमा त्यातून होतील.

नावावर होईपर्यंत काम संपत नाही

फॉर्म २९ आणि ३० वर दोघांच्या सह्या घ्या आणि आरटीओत अर्ज लगेच टाका. घेणाऱ्याला ३० दिवसांची, तर त्याच राज्यातल्या विकणाऱ्याला कळवण्यासाठी १४ दिवसांची मुदत असते. विमाही १४ दिवसांच्या आत स्वतःच्या नावावर करायला टाका. गाडी ताब्यात घेतल्याची तारीख, वेळ आणि किलोमीटर लिहून दोघांनी सही करा. जुना फास्टॅग मालकाला बंद करायला सांगा.

स्वतःची जुनी गाडी विकत असाल, तर हा भाग दोनदा वाचा. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या खटल्यात स्पष्ट केलं, की गाडी पुढे विकली गेली असली तरी नोंदणी ज्याच्या नावावर आहे तोच कायद्याने मालक. अपघाताची भरपाई त्याच्यावरच आली.

गाडी बघायला जाताना घाई करू नका आणि एकटे जाऊ नका. घरातल्या एकाला गाडी आवडली, की दुसऱ्याने शंका काढायच्या, असं आधीच वाटून घ्या. एक गाडी हातची गेली तर पुढच्या आठवड्यात दुसरी दिसेल. कागद, तळ आणि इंजिन या तिन्ही ठिकाणी मन भरलं, तरच टोकन द्या. मग नारळ फोडा आणि चाकाखाली लिंबू ठेवा.