‘घरी विचारून सांगते’

आमच्या पतसंस्थेत दर वर्षी जानेवारीत सहलीची नोटीस लागते. खाली कोऱ्या कागदावर येणाऱ्यांनी नावं लिहायची. पुरुष मंडळी खिशातलं पेन काढतात, सही करतात आणि चहाला जातात. बायकांच्या नावापुढे मात्र चार-पाच दिवस एकच शेरा असतो, ‘घरी विचारून सांगते’. पाचव्या दिवशी त्यावर काट मारलेली दिसते.

मी स्वतः अशी काट सहा वर्षं मारली. घरचे काही वाईट नाहीत हो. कुणी ‘जाऊ नकोस’ म्हणतही नाही. पण रविवारी सहल म्हणजे आठवड्याचे कपडे, दळण, मुलांचा अभ्यास, सासूबाईंचं पथ्य हे सगळं शनिवारी रात्री उरकायचं. त्यापेक्षा न गेलेलं बरं, असं वाटून जातं. आणि जाऊन तरी काय करायचं? एका वर्षी गेले होते धबधब्यावर. पुरुष पाण्यात, मग थोड्या वेळानं ‘गाडीच्या मागे’, आणि आम्ही चौघी सावलीत सतरंजीवर कांदे चिरत बसलेल्या. घरी तेच, सहलीलाही तेच.

या वर्षी आम्ही तिघी आधीच साहेबांकडे गेलो. म्हटलं, ठिकाण आम्ही सुचवणार, जेवण बाहेर घ्यायचं आणि सहल रविवारी नको, कामाच्या दिवशी हवी. साहेब हसले. ‘संस्था बंद ठेवू का?’ म्हणाले. कॅशियरबाईंनी तिथल्या तिथे हिशोब मांडला. निम्मा स्टाफ गुरुवारी, निम्मा शुक्रवारी. काउंटर एकही दिवस बंद नाही. साहेबांना नाही म्हणायला जागाच उरली नाही.

ठिकाण ठरलं जुनं गोवा. आमच्या सावंतवाडीपासून गाडीनं दोनेक तासांवर. तिथलं बॉम जीझस आणि से कॅथेड्रल बहुतेकांनी पाहिलेलं असतं. पण त्याच गावात टेकडीवर, सेंट ऑगस्टीनच्या पडक्या मनोऱ्यासमोर सांता मोनिकाचा जुना मठ आहे, तिथपर्यंत सहसा कुणी चढत नाही. मठाच्या चर्चमध्ये आता ख्रिस्ती कलेचं संग्रहालय आहे. १९९४ मध्ये ते राशोलच्या सेमिनरीत सुरू झालं, २००२ मध्ये इथे आलं आणि मोठ्या डागडुजीनंतर २०२२ मध्ये पुन्हा उघडलं. जिथे एके काळी प्रार्थना चालायच्या तिथे आता काचेच्या कपाटांत चांदीची पात्रं, हस्तिदंती मूर्ती, जरीकाम केलेले पाद्रींचे झगे मांडले आहेत. घडवणारे कारागीर बरेचसे इथलेच, त्यात हिंदूही होते. म्हणून असेल, पण हस्तिदंती बाळ येशू बघून आमच्या शिपाईमावशी म्हणाल्या, ‘अगं, हा तर आमच्या वाडीतला वाटतो.’

वस्तू सुंदर आहेतच. पण मला अडवलं ते इमारतीनं. जांभ्या दगडाच्या जाडजूड भिंती, त्यांना बाहेरून दिलेले भक्कम टेकू, तीन मजले. चर्चपेक्षा किल्लाच वाटावा. हा बायकांचा मठ. आर्चबिशप आलेशो द मेनेझिस यांच्या काळात १६०६ मध्ये पायाभरणी झाली आणि १६२७ मध्ये बांधकाम पुरं झालं. १६३६ मध्ये मोठी आग लागली, तरी पुन्हा उभारला. आशियातल्या सर्वात जुन्या आणि मोठ्या मठांपैकी हा एक. एकदा आत गेलेली नन बाहेर यायची नाही, असा नियम. कुणी श्रद्धेनं आली असेल, कुणी नवरा गेल्यावर, कुणी घरच्यांनी ठरवलं म्हणून.

हे ऐकून आमच्यातली एक चटकन म्हणाली, ‘बिचाऱ्या! जन्मभर कोंडून ठेवलं.’ मलाही आधी तसंच वाटलं. पण थोडं वाचल्यावर चित्र इतकं सरळ राहत नाही. या बायका लिहीत-वाचत होत्या, गात होत्या, मठाचा कारभार बघत होत्या. मठात येताना हुंडा आणावा लागे, त्यामुळे मठाकडे एवढी मालमत्ता जमली की शहराच्या कारभाऱ्यांनी पार राजाकडे तक्रारी केल्या. म्हणजे त्या काळच्या किती तरी संसारी बायकांपेक्षा यांच्या हातात जास्त होतं. अर्थात सगळ्यांच्या नाही. काळी ओढणी घेणाऱ्या नन वरच्या मानाच्या, त्या बहुतेक पोर्तुगीज घराण्यांतल्या. पांढरी ओढणीवाल्या खालच्या, कामाचा भार त्यांच्यावर. इथल्या मुलींना घेतलंच तर पांढऱ्या ओढणीत. बायकांच्या राज्यातही उतरंड होतीच.

मग १८३४ मध्ये पोर्तुगालच्या सरकारनं धर्मसंघ बंद करायचा हुकूम काढला. असलेल्या नन राहू शकत होत्या, नव्या मुली घ्यायच्या नाहीत. एकेक करत त्या गेल्या. शेवटची १८८५ मध्ये वारली. एवढ्या मोठ्या वास्तूत ती एकटीच उरली होती, हे ऐकून आम्ही सगळ्याच गप्प झालो. पुढे काही काळ तिथे सैनिक राहिले. १९६४ मध्ये नन्सना धर्मशास्त्र शिकवणारी संस्था तिथे सुरू झाली आणि नंतर संग्रहालय आलं.

दोनशेहून जास्त वर्षं तिथे बायका राहिल्या. सामान्य माणसाच्या तोंडी त्यातल्या कुणाचं नाव आहे? एकीचं आहे, तेही दंतकथेतून. बेबिंका हा गोव्याचा थरांचा गोड पदार्थ याच मठातल्या बिबियाना नावाच्या सिस्टरनं पहिल्यांदा केला, असं सांगतात. २०२३ मध्ये बेबिंकाला भौगोलिक मानांकनही मिळालं. गंमत बघा, शतकानुशतकं हिशोब, गायन, वाचन सगळं केलं, पण लक्षात काय राहिलं, तर स्वयंपाकघर.

परतताना गाडीत हाच विषय. त्या भिंती दगडाच्या होत्या, दिसत तरी होत्या. आमची भिंत म्हणजे ते ‘विचारून सांगते’. ती कुणी बांधलेली नाही, तरी आपण तिच्या आत राहतो. नवऱ्याची ऑफिसची सहल असते तेव्हा तो विचारत नाही, सांगतो. ‘रविवारी नाहीये गं मी.’ संपलं. आपण का विचारतो? परवानगी हवी असते म्हणून नव्हे. आपण नसताना घर कोण सांभाळणार, या प्रश्नाचं उत्तर आपणच शोधून द्यायचं असतं म्हणून. खरं तर तो प्रश्न घराचा आहे, एकट्या बाईचा नाही.

काही जणी म्हणतील, सहल म्हणजे चैन, त्यात एवढं काय? मला तसं वाटत नाही. बढतीची, बदलीची, कुठल्या फायलीत काय चाललंय याची निम्मी बोलणी अशा प्रवासातच होतात. आपण नसतो तेव्हा ती आपल्यावाचून होतात. यंदा परतीच्या वाटेवर वसुली विभागातली एक जागा रिकामी होणार हे मला पहिल्यांदा सहलीत कळलं, एरवी नोटीस लागल्यावरच कळायचं.

दुसरी भीती खरी आहे, ती नाकारून चालणार नाही. ‘गाडीच्या मागे’ काय चालतं, रात्री उशीर झाला तर काय, ही काळजी असते. त्यासाठी एक गोष्ट माहीत असू द्या. कामाच्या ठिकाणी होणाऱ्या लैंगिक छळाविरुद्ध २०१३ मध्ये जो कायदा झाला, त्यात ‘कामाचं ठिकाण’ म्हणजे नुसती ऑफिसची खोली नाही. कामाच्या निमित्तानं जिथे जावं लागतं ती जागा आणि मालकानं दिलेली गाडीसुद्धा त्यात येते. दहा किंवा त्याहून जास्त माणसं असतील तिथे अंतर्गत तक्रार समिती हवीच. तेव्हा संस्थेनं नेलेल्या सहलीत कुणी पातळी सोडली तर ‘पिकनिकमध्ये चालायचंच’ हे उत्तर ऐकून घेऊ नका. आमच्याकडे या वर्षी निघण्याआधीच ठरलं होतं, गाडीत दारू नाही आणि संध्याकाळी सातच्या आत परत. पुरुषांपैकी कुणाचंही काही बिघडलं नाही.

तेव्हा मैत्रिणींनो, पुढच्या वेळी नोटीस लागली की आधी ठरवणाऱ्यांत आपलं एक माणूस बसवा. दिवस, ठिकाण, वेळ, जेवण, सगळ्यात तोंड घाला. आणि घरी विचारू नका, सांगा. हसून सांगा, आदल्या दिवशी डाळ-तांदूळ कुठे आहेत तेही सांगा हवं तर, पण सांगा.

आमच्या शिपाईमावशी लग्नाला तीस वर्षं झाली तरी घरच्यांशिवाय पहिल्यांदाच गावाबाहेर पडल्या होत्या. येताना त्यांनी बेबिंकाचा एक छोटा डबा घेतला. मी विचारलं, ‘नातवंडांना?’ तर म्हणाल्या, ‘त्यांना एक तुकडा. बाकीचा माझा.’