खिळे ठोकण्याचे यंत्र : हवेचे की बॅटरीचे?

मागांची खटखट ऐकत वाढलेल्या वडगावकरांना यंत्राचे वावडे नाही. तथापि घरकामासाठी खिळे ठोकण्याचे यंत्र घेताना विवेक हवा. दाबलेल्या हवेचे यंत्र हलके व स्वस्त. परंतु त्यामागे काँप्रेसर व नळी यांचा संसार येतो. शिवाय आपल्या पावसाळी हवेत त्याच्या टाकीत साचलेले पाणी नित्य काढावे लागते. बॅटरीचे यंत्र जड व महाग; पण ते माळ्यावरही सहज नेता येते. दिवसभर राबणाऱ्या सुताराने हवेचे घ्यावे, गृहस्थाने बॅटरीचे. आणि वर्षातून दोनदाच फळी ठोकणाऱ्याने, आमच्या मते, हातोडीवरच समाधान मानावे. यंत्र कोणतेही असो, अडकलेला खिळा काढण्यापूर्वी नळी वा बॅटरी काढावी आणि डोळ्यांवर संरक्षक चष्मा असावाच. विद्यार्थिमित्रहो, चुकलेला खिळा उपटता येतो. गेलेला डोळा परत येत नाही.