भावाचा वकील बहिणीला सल्ला देतो तेव्हा



माझ्या चुलत नणंदेला दर्यापूरला, तिच्या सासरी, समन्स आलं. मूर्तिजापूर तालुक्यातल्या वडिलोपार्जित शेताच्या वाटणीचा दावा होता. भांडण दोन भावांचं, ही तिसरी हिस्सेदार. तारखेला ती एकटीच गेली. व्हरांड्यात थोरल्या भावाचे वकील स्वतःहून जवळ आले. "ताई, तुम्ही कायले वकील लावता? उगाच खर्च. इथं सही करा, तुमच्या चकरा वाचतील." न्यायाधीशसाहेबांनी विचारलं तर 'मान्य आहे' म्हणा, हेही त्यांनीच सांगितलं. तिने सही केली आणि तसंच म्हणाली. कागद तडजोडीच्या पुरसिसचा, म्हणजे कोर्टात द्यायच्या लेखी निवेदनाचा होता. एक रुपया न घेता तिने आपला हिस्सा सोडला होता.

"मले वाटलं, ते वकीलसाहेब सगळ्याईचेच हायेत," ती मला म्हणाली. हे वाक्य माझ्या मनातून जात नाही.

त्या पुरसिसवरच हुकूमनामा झाला. असा संमतीने झालेल्या हुकूमनाम्यावर दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम 96(3) प्रमाणे अपील चालत नाही. तो रद्द करायला वेगळा दावाही लावता येत नाही. आता त्याच कोर्टात जाऊन, आपल्याला फसवलं गेलं, हे तिलाच सिद्ध करायचं आहे.

बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या आचारनियमांत प्रतिपक्षाविषयीच्या कर्तव्यांचा भाग आहे. त्यात दोनच नियम आहेत. 34 वा म्हणतो, समोरच्या पक्षकाराला वकील असेल तर वादाच्या विषयावर त्याच्याशी थेट बोलू नका, त्याच्या वकिलामार्फत बोला. 35 वा म्हणतो, समोरच्याला दिलेला रास्त शब्द लेखी नसला तरी पाळा. ज्याला वकीलच नाही, त्याच्याशी कसं बोलायचं यावर त्या भागात एक ओळही नाही. म्हणजे ज्याच्या पाठीशी आधीच कुणी उभं आहे, त्यालाच नियमाचं संरक्षण. अमेरिकन बार असोसिएशनच्या नमुना नियमांत यासाठी 4.3 हा स्वतंत्र नियम आहे: आपण तटस्थ आहोत असं भासवायचं नाही, आणि हितसंबंध विरोधी असतील तर 'वकील गाठा' याखेरीज कायद्याचा सल्ला द्यायचा नाही.

यासाठी अमेरिकेकडे पाहायचीही गरज नाही. 1875 च्या सावकारविरोधी दंग्यांनंतर पुणे, सातारा, सोलापूर आणि अहमदनगर जिल्ह्यांसाठी 1879 चा दख्खन शेतकरी साहाय्य कायदा आला. समोरच्याकडे वकील आणि शेतकऱ्याला तो परवडत नाही असं दिसलं, तर शेतकऱ्याच्या संमतीने सरकारी वकिलाला त्याच्या बाजूने उभं राहायला सांगण्याचा अधिकार त्यात न्यायाधीशाला होता. आमचा वऱ्हाड तेव्हा मुंबई इलाख्यात नव्हता, पण मराठी मुलखातलाच हा कायदा. परक्या सरकारला जे उमगलं, ते आपल्या वकिलांच्या संस्थेला नियमात लिहिता येऊ नये?

माझी नणंद मोफत वकिलाला पात्र होती. विधी सेवा प्राधिकरण कायदा, 1987 च्या कलम 12 प्रमाणे स्त्रीला हा हक्क आहे, तिचं उत्पन्न कितीही असो. तिला हे कुणीही सांगितलं नाही.

वकील मंडळी म्हणतील, आमचं कर्तव्य आमच्या पक्षकाराशी. अगदी बरोबर. समोरच्या बाईसाठी लढा असं मी म्हणतच नाही. भावाच्या अटी तिच्यापुढे जरूर ठेवा, घासाघीस करा. पण 'तुम्हाला वकिलाची गरज नाही' हा सल्ला आहे, आणि तिच्या नुकसानीत ज्याचा फायदा त्याच्या वकिलाने तो द्यायचा नाही. तडजोडी अडतील ही भीतीही मला पटत नाही. खरं सांगितल्यावर जी मोडते, ती तडजोड नव्हतीच.

अधिवक्ता कायदा, 1961 च्या कलम 49 खाली बार कौन्सिलला असा नियम करता येतो. तो होईपर्यंत अकोला आणि अमरावतीच्या वकील संघांनी निदान ठराव करावा: बिनवकिलाच्या पक्षकाराशी बोलताना आधी 'मी तुमच्या विरुद्ध बाजूचा वकील आहे' असं सांगायचं, आणि सहीपूर्वी विधी सेवा समितीचं कार्यालय कुठे आहे ते दाखवायचं. न्यायाधीशांनीही पुरसिस स्वीकारण्याआधी एवढं विचारावं: बाई, हा कागद तुम्हाला कुणी वाचून दाखवला?

— एक निवृत्त शिक्षिका, अकोला