आरसा उजेडात न्या, नाहीतर उजेड आरशात आणा

परवा वडवणीला गेलो होतो. या वेळी बॅगेत आईसाठी लाइटवाला आरसा होता. गोल, भोवती एलईडीची कडी, एका बाजूला साधा आणि उलटा फिरवला की चेहरा मोठा दाखवणारा. खोकं उघडतोय तोवर आप्पा (आमचे चुलते) ओसरीवरून बोललेच, "कामून पैसे घालायलास बाबा? या वयात वहिनीला काय नाटकात उभं ऱ्हायचंय का?"

सगळे हसले. मीही हसलो आणि मग रात्रभर स्वतःवरच चरफडत राहिलो. तेव्हा सुचलं नाही ते उत्तर आता लिहितोय. आम्हा प्रोग्रामर लोकांचं असंच असतं, बग सापडतो तो रिलीज झाल्यावर :)

तर मंडळी, आधी आमच्या घरात उजेडाची वाटणी कशी होती ते बघा. नाना आणि आप्पा दाढी करायचे अंगणात. लिंबाच्या खोडाला खिळा, खिळ्याला आरसा, सकाळचं मोकळं आभाळ. कुठल्याही स्टुडिओला लाजवेल असा उजेड! आणि आईचा आरसा? माजघरात, कपाटाच्या दाराला. खिडकी नाही. दिवा पाठीमागे, म्हणजे डोक्याची सावली बरोबर तोंडावर. आजीची फणेरपेटी होती, झाकणात आरसा असलेली. ती बिचारी पेटी उचलून उंबऱ्याशी बसायची. शाळेत न गेलेल्या आजीला एक गोष्ट पक्की ठाऊक होती, की आरसा उजेडात न्यायचा असतो. पण सुनांनी दारात बसून वेणीफणी केली की "दारात काय नटायलीस?" हे ठरलेलंच. म्हणजे बाईला उजेड द्यायचा नाही, आणि तिनं दिवा विकत आणला की त्याला नखरे म्हणायचं. हा कुठला न्याय?

याची किंमत मी डोळ्यांनी पाहिलीय. 2007 च्या मे महिन्यात बहिणीचं लग्न होतं. ते दिवस तासन्‌तास लोडशेडिंगचे. पार्लरवाल्या ताईंनी माजघरात, जनरेटरवरच्या एका पिवळ्या बल्बखाली मेकअप केला. आत सगळं झकास दिसत होतं. नवरी मांडवात आली, भर उन्हात, आणि चेहरा पांढराफटक, मान सावळी. पाहुण्यांत कुजबुज. बहीण अक्षता पडेपर्यंत मान खाली घालून उभी. लोकांना वाटलं लाजतेय. शिव्या खाल्ल्या त्या पार्लरवाल्या ताईंनी. दोष त्यांच्या हाताचा नव्हता, बल्बचा होता. पिवळ्या बल्बचा उजेड साधारण 2700 केल्विनचा, दुपारचा 5500 च्या आसपास. पिवळ्या उजेडात सगळ्यालाच उबदार झाक येते, त्यामुळे चुकीची शेडसुद्धा बरोबर वाटते. हे मला समजलं फार नंतर.

आता आरसा विकणाऱ्यांकडे वळतो, कारण तेही कमी नाहीत. जाहिरातीत मोठ्ठ्या अक्षरात काय असतं? "10 एक्स!" अहो, दहापट मोठं दाखवणाऱ्या आरशात एक भुवई मावते, नाक काचेला टेकवावं लागतं आणि जरा मागे सरकलात की सगळं धूसर. घरच्या वापराला एक बाजू साधी आणि दुसरी तीन ते पाच पट, एवढं पुष्कळ झालं.

जो आकडा खरंच महत्त्वाचा, तो खोक्यावर शोधून सापडत नाही. तो म्हणजे सीआरआय. दिव्याखाली रंग किती खरे दिसतात याचे गुण, 100 पैकी. स्वस्त एलईडी 80 च्या आसपास असतात. 90 च्या वर असेल तरच घ्या. त्यातही मेख आहे. हे गुण आठ फिक्या रंगांच्या सरासरीवरून काढतात, गडद लाल त्यात धरतच नाहीत. त्याचा आकडा वेगळा, आर 9 नावाचा. आणि आपला सगळा मामला लाल! कुंकू, मेंदी, लिपस्टिक, कातडीखालचं रक्तसुद्धा. आर 9 कमी असेल तर सावळा चेहरा राखाडी दिसतो. मग बाई वर आणखी एक थर चढवते. झालं, 2007 परत.

बाकी थोडक्यात सांगतो. उजेड 4000 ते 5000 केल्विनचा असावा. तो चेहऱ्याच्या दोन्ही बाजूंनी यावा, नुसता वरून आला तर डोळ्यांखाली खड्डे दिसतात. मोबाइलचा कॅमेरा दिव्यावर धरा, काळे पट्टे सरकताना दिसले तर दिवा लुकलुकतोय, डोकं दुखेल. चार्जिंगची बॅटरी हवीच. वळवाचा पाऊस आला की लाइट जाते, हे वडवणीत कोणाला सांगायला नको. आणि मोठं दाखवणारी बाजू उन्हात कधीही ठेवू नका. अंतर्गोल आरसा ऊन एका बिंदूवर गोळा करतो आणि पडदा पेट घेऊ शकतो. लंडनच्या अग्निशमन दलाने लोकांना याबद्दल सावध केलंय. तिथल्या मिणमिणत्या उन्हात ही गत, तर आपल्या मे महिन्याचं काय बोलता?

"पण हे हवंच कशाला?" असं अजूनही कोणी म्हणेल. तर ऐका. चाळिशीनंतर जवळचं दिसत नाही आणि चष्मा लावून डोळ्यांत काजळ घालता येत नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी आई त्या आरशासमोर बसली. बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "अरे, कुंकू तिरपं लावते की मी. किती वर्षं झाली असतील? सांगितलं नाही रे कुणी."

कुणी नाही सांगितलं. मीसुद्धा नाही. आम्ही कोणी नीट बघितलंच नव्हतं.

म्हणून माझं म्हणणं सरळ आहे. घर बांधताय? जिथे बाई आरसा लावणार तिथे खिडकी काढा, लाइटवाल्या आरशाचे पैसे वाचतील. घर बांधून झालंय? मग आरसा घ्या, पण 10 एक्सला भुलू नका. आणि हसायचंच असेल तर आधी स्वतःचा आरसा माजघरात नेऊन आठवडाभर दाढी करून बघा.

आप्पांचा आरसा अजून लिंबालाच आहे. उजेड उत्तम येतो तिथे.

असो. चूभूद्याघ्या.