आपले मौन हेच त्यांचे बळ

तिन्हीसांजेची वेळ. देवापुढे दिवा लागला आहे, नातवंडे शुभंकरोती म्हणत आहेत आणि इतक्यात भ्रमणध्वनी खणखणतो. परगावच्या मुलाचा फोन असेल, या आशेने आजी लगबगीने उठते. पलीकडून मात्र कर्जाच्या खास योजनेची टकळी सुरू होते. हा अनुभव आज घरोघरी आहे. आपण चरफडतो, फोन ठेवतो आणि विसरून जातो. या उपद्रवाचे खरे बळ आपल्या या विसरण्यात आहे.

कायदा नाही, असे नव्हे. दूरसंचार नियामक प्राधिकरणाने अशा दूरध्वनींना नकार कळविण्यासाठी २००७ मध्ये राष्ट्रीय नोंदवही सुरू केली. पुढे २०१० व २०१८ मध्ये व्यापक नियमावली आली. १९०९ या क्रमांकावर आपला नकार नोंदविता येतो. जाहिरातीच्या दूरध्वनींसाठी १४० ने आरंभ होणारे क्रमांक राखून ठेवले, ते ओळखता यावेत म्हणूनच. मग पळवाट निघाली ती साध्या दहा आकडी क्रमांकांची! असा फोन भाच्याचा की विक्रेत्याचा, हे उचलल्याखेरीज कळत नाही. याच गर्दीत वृद्धांची पुंजी लुबाडणारे भामटेही बेमालूम मिसळतात.

फेब्रुवारी २०२५ मधील सुधारणांनी ही पळवाट अरुंद केली आहे. अनोंदणीकृत विक्रेत्याविरुद्ध तक्रार करण्यासाठी आता आधी नकार नोंदविलेला असण्याची अट उरलेली नाही. तक्रारीची मुदत ३ दिवसांवरून ७ दिवस झाली. पूर्वी ७ दिवसांत १० तक्रारी आल्यावर कारवाईचा बडगा उगारला जाई. आता १० दिवसांत ५ तक्रारी पुरेशा आहेत.

केवळ पाच! एका गृहसंकुलातील पाच कुटुंबांनी मनावर घेतले, तरी पुरे. परंतु पाचव्याने तक्रार करावी, अशी अपेक्षा धरून पहिले चौघे स्वस्थ बसले, तर कायदा कागदावरच राहणार.

दोन पथ्ये आपणही पाळू या. दुकानात सवलतीच्या मोहाने आपला क्रमांक सहज लिहून देऊ नये. आणि फोनवरील मुलीवर आगपाखड करू नये. तीही पोटासाठीच राबते आहे. संताप तिच्यावर काढून काही साधत नाही, तक्रारीने साधते. अन्यायाविरुद्धचे नागरिकाचे कर्तव्य कधीकधी इतके छोटे असते. म्हणूनच ते टाळण्यास सबब उरत नाही.